जुन्या इमारतीतील सिमेंटचे पत्रे आणि पाइप : ॲस्बेस्टॉस कसे ओळखावे, कसे हाताळावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत १९७४ साली बांधलेली आहे. गच्चीची गळती थांबवण्यासाठी वर करड्या नालीदार सिमेंटच्या पत्र्यांची शेड उभारलेली आहे, खिडक्यांवर त्याच जातीच्या पत्र्यांचे छज्जे आहेत आणि मागच्या भिंतीवरून जुने राखाडी पाइप खाली येतात. आता मोठी दुरुस्ती ठरली आहे. ठेकेदाराच्या म्हणण्यानुसार दोन माणसे एका दिवसात सगळे फोडून खाली टाकतील. एका सभासदाचे म्हणणे असे की हे सगळे ॲस्बेस्टॉस असून काम होईपर्यंत इमारत रिकामी करावी. संस्थेच्या सचिवांना जाणून घ्यायचे आहे की हे खरोखर ॲस्बेस्टॉस आहे का, ते कसे कळेल, ठेवावे की काढावे, आणि काढायचे तर कसे.

माझे उत्तर असे की ठेकेदाराचा मार्ग धोक्याचा आहे आणि सभासदाची भीती चुकीच्या जागी आहे. पत्रा डोक्यावर असल्यामुळे जे नुकसान होते, त्याच्या कितीतरी पट नुकसान तो फोडताना, कापताना आणि घासताना होते, आणि त्याचा पहिला व सर्वांत मोठा वाटा कापणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांत जातो. म्हणून पुढचे सगळे विवेचन एकाच गोष्टीभोवती आहे : धूळ होऊ न देणे, आणि त्यासाठी हत्यार लावण्यापूर्वी वस्तू ओळखणे.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. व्यवहारात त्याचे सहा प्रकार धरले जातात. सर्पेंटाइन गटातील क्रायसोटाइल म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस हा एक, आणि ॲम्फिबोल गटातील पाच, ज्यांत निळे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट ही दोन उद्योगात अधिक वापरली गेली. आपल्याकडील छपराच्या सिमेंट पत्र्यात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके क्रायसोटाइल असते आणि बाकी मुख्यतः सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तोपर्यंत हवेत फारच थोडे सुटतात. ग्राइंडरची चकती लागली की तेच सिमेंट पीठ होते आणि तंतू मोकळे होतात. हवेतील मोजणीत ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचे तंतू धरले जातात. असा तंतू डोळ्यांना दिसत नाही, वास देत नाही, खोकला आणत नाही, आणि स्थिर हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. श्वासातून तो फुप्फुसाच्या अगदी खोल वायुकोशांपर्यंत पोहोचतो, आणि तेथे रुतलेले अनेक तंतू शरीराला बाहेर काढता येत नाहीत.

यातून होणारे आजार म्हणजे फुप्फुसे कडक होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा. मेसोथेलिओमा बहुधा संपर्कानंतर ३० ते ४० वर्षांनी उघड होतो. या लांबलेल्या काळामुळेच कामाच्या जागी कोणाला काही झालेले दिसत नाही, आणि 'आम्ही इतकी वर्षे कापतो आहोत, काही झाले नाही' हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येते. तीन दिवसांत ताप आला असता तर हे पत्रे कोणी उघड्या तोंडाने कापलेच नसते. 'पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते' हा विक्रेत्यांचा दावाही येथेच बाजूला ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलेले आहेत.

आता ओळखण्याकडे वळू. परदेशातील मार्गदर्शिका वाचून अनेक जण इमारतीच्या वर्षावरून निष्कर्ष काढतात. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली बंदी आली आणि ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस सर्व वापर थांबला, त्यामुळे तेथे वर्षाला अर्थ आहे. आपल्याकडे १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबवले गेले, परंतु आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे बनवणे चालूच राहिले. म्हणून १९७४ चा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असणे जवळजवळ निश्चित मानावे, आणि २०१२ साली टाकलेला पत्राही तसाच असण्याची शक्यता पूर्ण धरावी. दुसऱ्या बाजूने, ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही आता बाजारात मिळतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात.

तरीही डोळ्यांनी बरेच काही वेगळे करता येते. खालून विजेरीचा झोत टाकून पत्रा पाहावा. लोखंडी पत्र्याला लोहचुंबक चिकटतो आणि बोटाने वाजवल्यास तो खणखणतो. सिमेंटच्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही आणि आवाज बद्द येतो. फायबरग्लासचा पत्रा उजेड आत सोडतो. नेहमीचा नालीदार ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्रा ६ मिलिमीटर जाड, सुमारे १.०५ मीटर रुंद असतो. एका नालीच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंतचे अंतर १४६ मिलिमीटर आणि खोली ४८ मिलिमीटर भरते. जुन्या, आधीच तुटलेल्या कडेकडे भिंगातून पाहिल्यास करड्या सिमेंटमधून पांढुरके केसासारखे झुपके डोकावताना दिसतात. अर्थात ते पाहण्यासाठी नवी कड मोडू नये.

सर्वांत उपयोगी पुरावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे पत्र्यावरचा छाप. पाऊस न लागलेल्या, एकमेकांवर चढलेल्या भागात किंवा खालच्या बाजूस उत्पादकाचे नाव आणि भारतीय मानकाचा क्रमांक अनेकदा शाबूत असतो. 'आयएस ४५९' हा क्रमांक नालीदार ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्यांचा आहे, 'आयएस १६२६' इमारतीतील ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप, पन्हळी आणि त्यांच्या जोडसाहित्याचा, तर 'आयएस १५९२' दाबाच्या पाण्याच्या पाइपांचा. यांपैकी एखादा क्रमांक स्पष्ट वाचता आला तर त्या मालासाठी प्रयोगशाळेवर खर्च करण्याची गरज नाही. छायाचित्र काढून ठेवावे.

पाइपांचेही तसेच. जुना ओतीव लोखंडी पाइप चुंबक धरतो, पीव्हीसीचा पाइप हलका आणि नखाला गुळगुळीत लागतो. ज्याला प्लंबर 'एसी पाइप' म्हणतात तो राखाडी, खरबरीत आणि जाड भिंतीचा असतो, चुंबक धरत नाही, आणि त्याच्या सॉकेटचा जोड सिमेंटच्या मसाल्याने भरलेला असतो. ठाण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत पावसाळी पाइप, संडासाच्या नळाचा वायुवीजनासाठी गच्चीच्या वर काढलेला तुकडा आणि जुन्या पाण्याच्या टाकीची झाकणे या तीन ठिकाणी हा माल सर्रास आढळतो. घरांच्या आतही पाहावे. अनेक फ्लॅटांत माळ्याच्या कप्प्याला, मोरीच्या आडोशाला किंवा बाल्कनी बंद करताना सपाट सिमेंट शीट लावलेले असते आणि त्यावर रंगाचे इतके हात चढलेले असतात की ते प्लायवूडच वाटते. गोदीच्या आसपासच्या जुन्या बाजारातून, विशेषतः दारुखान्यासारख्या जहाजतोडणीच्या भागातून आणलेली जहाजाची पार्टिशने कोणी घरात किंवा दुकानात बसवली असतील, तर ती चाचणीशिवाय मुळीच उघडू नयेत. जहाजांच्या आगरोधक फलकांत ॲस्बेस्टॉस भरपूर वापरले जात असे.

आपल्या इमारतीत बहुधा नसलेला, पण हे वाचणाऱ्या इतरांच्या जागी असू शकणारा एक वर्ग याहून पुष्कळ घातक आहे. जुन्या कापड गिरण्या, साखर कारखाने, वाफेवर चालणाऱ्या लॉन्ड्री असलेली रुग्णालये आणि बॉयलर असलेली जुनी हॉटेले येथील वाफेच्या पाइपांवरील पांढरे, कापडात गुंडाळलेले, प्लॅस्टरसारखे लेपन. भट्टीच्या दाराभोवतीचा दोर. जुन्या विजेच्या पॅनेलमागील मऊ पुठ्ठ्यासारखा बोर्ड. नाट्यगृहातील छतावर फवारलेला जाड थर. हे साहित्य बोटांनी चुरडता येते आणि त्यातील ॲस्बेस्टॉसचे प्रमाण पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असू शकते. येथे अमोसाइट आणि क्रोसिडोलाइटही सापडतात. असे साहित्य दिसल्यास हात न लावता खोली बंद करावी आणि ते काम स्थानिक ठेकेदाराला देऊच नये. त्याला बंदिस्त तंबू, आतली हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीतून बाहेर ओढून राखलेला ऋण (बाहेरच्यापेक्षा कमी) दाब, कामगारांसाठी धुण्याचा टप्प्याटप्प्याचा कक्ष आणि शेवटी हवेची चाचणी लागते. ब्रिटनमध्ये अशी जागा पुन्हा वापरात देताना हवेत प्रति घनसेंटिमीटर ०.०१ तंतूपेक्षा कमी असणे हा निकष धरतात. आपल्याकडेही तोच मागावा, असे मी प्रत्येक मालकाला सांगतो.

छाप सापडला नाही तर नमुना घ्यावा लागेल. शक्यतो हे काम प्रयोगशाळेच्या माणसाकडून करून घ्यावे. पद्धत तरीही आपल्याला माहीत असावी, म्हणजे समोरचा माणूस नीट करतो आहे का हे कळेल. पंखे बंद, आजूबाजूला कोणी नाही, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब टाकलेले पाणी फवारणीच्या बाटलीतून त्या जागेवर मारावे आणि ते मुरू द्यावे. आधीच तडकलेल्या कोपऱ्यातून पक्कडीने नखभर मोठा तुकडा हळूच सोडवावा. छिन्नी-हातोडा, ड्रिल किंवा करवत वापरू नये. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वर जागा, तारीख व नमुना क्रमांक लिहावा. उघडी पडलेली कड रंगाने किंवा चिकटपट्टीने लगेच बंद करावी. पक्कड ओल्या फडक्याने पुसून ते फडकेही पिशवीतच टाकावे.

प्रयोगशाळा निवडताना ती एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली आहे का, आणि त्या मान्यतेत ठोस मालातील ॲस्बेस्टॉसची तपासणी आहे का, हे दोन्ही विचारावे. नेहमीची तपासणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. तंतूचा आकार, त्याचा प्रकाशीय गुणधर्म आणि ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात दिसणारे रंग यांवरून प्रकार ठरवला जातो. जुन्या विनाइलच्या फरश्यांत तंतू फार बारीक असल्याने या पद्धतीत ते निसटू शकतात, तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. अहवालात 'आढळले नाही' असे आले तर ते त्या तुकड्यापुरतेच आहे, हे लक्षात ठेवावे. आपल्या शेडचे काही पत्रे मधल्या काळात बदललेले असतील तर जुन्याचा आणि नव्याचा नमुना वेगळा पाठवावा.

आता ठेवायचे की काढायचे. शाबूत, हाताच्या टप्प्याबाहेरचा, कोणी छिद्र पाडणार नाही असा पत्रा जागीच राहू देणे हा पूर्णपणे योग्य निर्णय असू शकतो. उगाच काढण्याने धोका निर्माण होतो. पण आपल्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पत्र्यांवर पन्नासएक पावसाळे गेलेले आहेत, आणि पावसाने सिमेंट झिजून वरचे तंतू उघडे पडतात. शेवाळ त्यातच घर करते. दुसरे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे म्हणजे शेडच्या खांबांना धक्का लागणारच. तिसरे, भिंतींच्या दुरुस्तीसाठी परांची बांधली जाणार आहे, आणि छज्जे व पाइप सुरक्षितपणे, हातात धरून उतरवण्याची इतकी चांगली संधी पुन्हा लवकर येणार नाही. म्हणून माझा सल्ला : शेड, छज्जे आणि पाइप तिन्ही काढावेत, आणि ते इतर कोणतेही तोडकाम सुरू होण्यापूर्वी काढावेत. फ्लॅटच्या आतली रंगवलेली सपाट शीटे शाबूत असतील तर तशीच ठेवावीत, नोंदवहीत टिपावीत, त्यावर छोटी सूचना चिकटवावी आणि वर्षातून एकदा पाहावीत. नोंदवहीत जागा, प्रकार, अवस्था आणि छायाचित्र एवढे असले तरी पुरते, मात्र ती नव्या सचिवाकडे सोपवली गेली पाहिजे आणि फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक सुताराला, वीजतंत्र्याला व प्लंबरला आधी दाखवली गेली पाहिजे.

काढेपर्यंतच्या काळात काही कामे पूर्ण बंद ठेवावीत. मे महिन्यात पावसाळ्याच्या तयारीसाठी पत्रे तारेच्या ब्रशने घासणे किंवा दाबाच्या पाण्याने धुणे ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि ती सर्वांत वाईट आहे. वर्षभरात सुटले नसतील इतके तंतू एका दुपारी सुटतात आणि शेजारच्या गॅलऱ्यांत जातात. पन्हळीतला गाळ सुका असताना खरवडू नये, त्यातही तंतू असतात. पाणी शिंपडून, खोऱ्याने ओलाच उचलून पिशवीत भरावा. डिश अँटेनासाठी किंवा वायर नेण्यासाठी पत्र्याला छिद्र पाडू देऊ नये.

काढण्याच्या कामात ॲस्बेस्टॉसइतकाच मोठा, आणि तात्काळ जीव घेणारा धोका म्हणजे पत्रा फुटून माणूस खाली पडणे. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचे वजन पेलतो असे वाटते, आणि कोणतीही सूचना न देता मोडतो. बोल्टांच्या ओळीवर पाय ठेवला की चालते, हा मजुरांचा समज अनेकांच्या जिवावर बेतलेला आहे. कोणालाही पत्र्यावर चढू देऊ नये. आपल्या शेडची उंची माणसाच्या डोक्याच्या थोडी वर असणार. तेव्हा खालून, फळ्यांच्या मजबूत मचाणावर उभे राहून काम करता येईल. वर जाणे अटळच असेल तर किमान तीन पर्लिनांवर (पत्रे ज्यांवर बसवतात त्या आडव्या दांड्यांवर) टेकणाऱ्या रुंद फळ्या, पत्र्याखाली जाळी आणि वेगळ्या भक्कम आधाराला बांधलेला सेफ्टी बेल्ट हवा. पत्रे भिजवल्यावर ते निसरडे होतात, म्हणूनही खालून काम करणे मला अधिक पसंत आहे.

कामाचा दिवस वारा नसलेला निवडावा. पावसाळा संपल्यानंतरचा काळ सोयीचा. शेजारी शाळा असेल तर दिवाळीची सुटी गाठावी. आदल्या दिवशी सर्व घरांना आणि लगतच्या इमारतींना लेखी कळवावे, वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, टाक्यांची झाकणे प्लॅस्टिकने बांधलेली. इमारत रिकामी करण्याची गरज नाही. गच्चीवर फक्त काम करणारे असावेत आणि जिन्याच्या दाराला दोरी बांधावी.

कामगारांना अर्ध्या चेहऱ्याचा, बदलत्या पी-३ किंवा पी-१०० गाळणीचा मास्क द्यावा. एकदाच वापरायचा असेल तर एफएफपी-३ दर्जाचा. कापडी रुमाल आणि शस्त्रक्रियेचा मास्क यांचा येथे काहीही उपयोग नाही, आणि एन-९५ ही या कामाला पुरेसा नाही. दाढी वाढलेली असेल तर चांगला मास्कही कडेने गळतो, म्हणून दाढी करून येण्यास सांगावे. टोपीसह एकदाच वापरायचा पूर्ण पोशाख, आणि बाहीवर चढवलेले हातमोजे. हा पोशाख कामाच्या जागीच पिशवीत जातो. मळलेले कपडे घरी गेले की ते धुणाऱ्या बाईच्या श्वासात तंतू जातात, आणि अशा घरगुती संपर्कातून मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. मास्क सर्वांत शेवटी काढायचा. तेथेच हातपाय-तोंड धुण्याची सोय हवी, आणि मध्ये चहा-तंबाखूसाठी थांबायचे तर पोशाख काढून, धुऊन, बाजूला जाऊन.

पत्रे बसवले त्याच्या उलट क्रमाने सुटतात : आधी माथ्याची टोपी, मग वरची ओळ, मग खालची. प्रत्येक जे-बोल्टच्या (पत्रा पर्लिनला धरणाऱ्या आकड्याच्या बोल्टच्या) भोवती साबणाचे पाणी मारावे. पन्नास वर्षांच्या गंजात नट फिरणार नाही. तेव्हा ठेकेदाराचा हात आपोआप ग्राइंडरकडे जाईल, आणि हाच क्षण सांभाळायचा आहे, कारण चकती बोल्टबरोबर पत्राही कापते. लांब दांड्याच्या बोल्ट कटरने बोल्टचा आकडा पर्लिनच्या बाजूने, खालून तोडावा. पत्रा ओढून किंवा पहारीने उचकटून काढू नये. सर्व बोल्ट तुटल्याची खात्री करूनच दोघांनी दोन टोकांना धरून उचलावा. तीन मीटरचा एक पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, म्हणून तिसरा माणूस जवळ असावा. खाली फेकणे, घसरगुंडीने सोडणे किंवा गोणीत बसावा म्हणून तोडणे यांना सक्त मनाई. गच्चीवरच आडवे रचून, किमान २०० मायक्रॉन जाडीच्या प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, कडा चिकटपट्टीने बंद करून, वर 'ॲस्बेस्टॉस – फोडू नये, धूळ श्वासात घेऊ नये' असे मोठ्या अक्षरांत मराठीत व हिंदीत लिहून मग पुलीने सपाट चौकटीवर उतरवावेत. पाइपांचे जोडही फोडू नयेत. जोडाभोवती ओले फडके व प्लॅस्टिक बांधून, क्लँप सोडवून, जेवढा लांब तुकडा सुटतो तेवढा उतरवावा. कुठे कापणे टळतच नसेल तर हातकरवत, सतत पाण्याची धार आणि खाली ओला कागद. शेवटी गच्ची झाडायची नाही. तुकडे वेचावेत, ओल्या फडक्याने पुसावे, आणि हेपा गाळणीचा औद्योगिक व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो.

राहिला काढलेल्या मालाचा प्रश्न, आणि खरे तर बहुतेक संस्था येथेच डोळे मिटतात. चांगले पत्रे भंगारवाला घेऊन जातो आणि ते एखाद्या वस्तीतल्या झोपडीवर, पुन्हा छिद्रे पाडून, पुन्हा कापून बसतात. तुटलेले डेब्रिजबरोबर जातात, भरावात टाकले जातात, रस्त्याच्या खड्ड्यांत गाड्यांखाली भरडले जातात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर उडालेल्या पत्र्यांचे ढिगारे अंगणात आणि वाटांवर पडलेले होते; मोठ्या वादळानंतर गावोगाव हाच प्रश्न येतो आणि लोक तुकडे हातांनी गोळा करून खड्ड्यांत टाकतात. निदान ते आधी भिजवावेत, आणि पायवाटेत कधीही भरू नयेत.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 'टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस' हा शब्दप्रयोग आहे, परंतु तो ॲस्बेस्टॉस मालाच्या उत्पादन प्रक्रियेखाली येतो. त्यामुळे गृहनिर्माण संस्थेची स्थिती काय, यावर ठेकेदार वाद घालतात. त्या वादात न पडता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला काम सुरू होण्यापूर्वी अंदाजे वजन आणि छायाचित्रांसह लेखी विचारणा करावी, आणि माल घातक समजूनच पाठवावा. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीची केंद्रे आहेत. आपल्याला तळोजा किंवा महापे जवळ पडेल. वाहतुकीचे आणि स्वीकृतीचे कागद संस्थेच्या दप्तरात कायम ठेवावेत. याचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत मागावा, नाहीतर 'डेब्रिज उचलणे' या शीर्षकाखाली तो माल कुठे जाईल याचा पत्ता लागणार नाही. कामाच्या करारात ग्राइंडरबंदी, मास्कचा प्रकार, पत्र्यावर न चढण्याची अट आणि विल्हेवाट केंद्राची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता न देण्याची अट लिहून घ्यावी. भारतीय मानक ब्युरोची 'आयएस ११७६९' आणि 'आयएस ११७६८' ही मानके अनुक्रमे ॲस्बेस्टॉस मालाच्या सुरक्षित वापराविषयी आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयी आहेत. करारात त्यांचा उल्लेख केल्यास ठेकेदाराशी बोलणे सोपे जाते.

पाण्याविषयीची शंका सभासद हमखास काढतील. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपातून आलेले पाणी प्यायल्याने कर्करोग होतो, असा सुसंगत पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला आढळलेला नाही. धोका श्वासाचा आहे. तरीही झिजलेले पाइप आणि टाकीची झाकणे याच दुरुस्तीत बदलावीत.

शेवटी आरोग्याचा मुद्दा. शेडखाली राहिलेल्या रहिवाशांनी घाबरून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढत बसण्याचे कारण नाही. शाबूत पत्र्याखालच्या वास्तव्याने होणारा संपर्क अल्प असतो आणि अशा तपासण्यांतून त्यांना काही मिळणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे हे पत्रे कापले, गिरणीत बॉयलरचे लेपन काढले किंवा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या इमारतीत असे निवृत्त सभासद असतील तर त्यांनी छातीच्या विकारतज्ज्ञांना आपल्या कामाचा पूर्ण इतिहास सांगावा, कारण विचारल्याशिवाय तो केसपेपरवर येत नाही आणि दम लागणे वयावर किंवा विडीवर ढकलले जाते. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेहूनही अधिक वाढतो, म्हणून विडी-सिगारेट सोडणे हा त्यांच्या हाती असलेला सर्वांत मोठा उपाय आहे. ॲस्बेस्टॉसिस हा कामगार कायद्यांखाली सरकारला कळवण्याजोगा आजार आहे आणि कर्मचारी राज्य विम्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो येतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा जुन्या मालकाकडे आपली नोंद मागण्याचा त्यांना आधार आहे, आणि ती मागणी लेखी करून पोच घ्यावी.